साहेब झोपलेत, हळू वाचा

साहेब जिन्यात बसले की बसले. मग लाडीगोडी करा, बिस्किट दाखवा, नाहीतर पट्टा ओढून स्वतःचा हात दुखवून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर ते असं काही ठाण मांडतात, की जिना त्यांच्या नावावर आहे असंच वाटावं. त्या दिवशीही तेच चाललं होतं. मी वरच्या पायरीवरून विनवण्या करत होते, साहेब माझ्याकडे पाठ करून बसले होते, आणि खालून कोणीतरी येत होतं.

"जरा वाट मिळेल का?"

आवाज आधी आला, माणूस नंतर. माझं कामच आवाजाचं, त्यामुळे माणसं मला नेहमी अशीच भेटतात. हा आवाज जरा खर्जातला होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. असा आवाज माइकसमोर बसला की माझ्यासारखीचं अर्धं काम कमी होतं.

"मिळेल," मी म्हटलं, "पण साहेबांनी मनावर घेतलं तर."

तो वळणावर आला. उंच, किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला थर्मास आणि भर उन्हाळ्यात गळ्यात सुती मफलर! त्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो सरळ खालच्या पायरीवर उकिडवा बसला.

"काय साहेब, अर्ज कुठे द्यायचा?"

साहेबांनी मान एका बाजूला तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला. मग उठले, अंग झटकलं, आणि शेपटीचं वेटोळं मिरवत त्याच्या मागोमाग तुरुतुरु वर निघाले. मी हातात पट्टा घेऊन सगळ्यात मागे.

"गद्दार," मी पुटपुटले.

"मला म्हणालात?" त्याने वळून विचारलं.

"तुम्हाला कशाला? तुमची-माझी ओळख तरी आहे का?"

"नाही ना..." तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात 'होईल की' असं काहीतरी होतं. निदान मला तरी तसं ऐकू आलं, आणि माझे कान सहसा फसत नाहीत.

साहेब म्हणजे माझ्या ताईचा पग, चपट्या नाकाचा छोटा कुत्रा. ताईला वर्षभरासाठी परदेशात काम मिळालं, आणि जाताना तिने एक पिशवी, एक उशी आणि हा ऐवज माझ्या दारात आणून ठेवला. "तुला काही करावं लागणार नाही," ती म्हणाली होती, "तो फक्त जवळ बसतो." ताई लहानपणापासूनच थापा मारण्यात पटाईत. पहिल्या रात्री मला वाटलं, शेजारी कोणी लाकूड कापतंय. सकाळी कळलं की एवढासा जीव घोरतो, आणि तोही माझ्याच उशीवर. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र अशा, की समोरच्याचं काम आज होणार नाही हे त्यांनी कधीच ठरवून टाकलंय. म्हणून साहेब. ताईने ठेवलेलं नाव आता त्यांनाही आठवत नसेल.

तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं, पण खोल्या दोनच. एका खोलीत वाचणारा बसतो, दुसऱ्या खोलीत मी, आणि मध्ये जाड काच. पुस्तकं वाचून घ्यायची, मग चुका, खोकले, खुर्चीची कुरकुर सगळं कापून स्वच्छ करायचं, हा आमचा धंदा. मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी दारातच सांगितलं, "हे आपले नवे वाचक. घरात पाळायच्या कुत्र्यांवरचं पुस्तक आहे ना, ते हेच वाचणार."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली वाकून साहेबांची शेपटी निरखत होता.

"अभ्यास करतोय," तो म्हणाला.

पुढचे काही आठवडे आमचं काम चाललं. तो काचेपलीकडे, मी काचेअलीकडे, आणि साहेब माझ्या टेबलाखाली माझ्या पावलांवर. पगचं हे एक मला नव्याने कळलं होतं: त्याला तुमच्या जवळ असून भागत नाही, तुमच्या अंगावर असावं लागतं. मी पाणी प्यायला उठले की साहेब उठणार. मी हात धुवायला गेले की साहेब दाराबाहेर उसासे टाकणार. माझ्या काळ्या कपड्यांवर त्यांचे केस, पांढऱ्या कपड्यांवरही त्यांचेच केस. आणि खाण्याच्या बाबतीत तर साहेबांना ना लाज ना शरम. डबा उघडायचा आवाज त्यांना बंद दारातून, झोपेतून, कशातूनही ऐकू येतो.

सुट्टीत तो बाहेर यायचा, थर्मासमधलं कोमट पाणी प्यायचा, आणि जमिनीवर बसून साहेबांच्या नाकावरच्या घड्या ओल्या कापसाने पुसायचा. हे काम मी त्याला एकदाच दाखवलं, मग त्याने ते परत दिलंच नाही.

"आत ओल राहिली की यांना खाज सुटते, हो ना?" तो विचारायचा.

"हो. पण हळू. डोळे फार पुढे असतात त्यांचे, नख लागेल."

"माझी नखं कापलेली आहेत. बघा." आणि तो दोन्ही हात माझ्यासमोर पसरायचा.

मी बघायचे. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघायचे.

कामात तो पक्का होता. पानच्या पान एका दमात वाचायचा. पण का कोण जाणे, संध्याकाळ व्हायला आली की त्याच्या चुका व्हायच्या. 'शेपूट'च्या जागी 'शेजार', 'लाडका'च्या जागी 'लाकडी'. मी आत बोलायचं बटण दाबून म्हणायचे, "परत घेऊ." तो काचेतून कान पकडायचा. साहेब खालून एक लांब सुस्कारा सोडायचे. आणि काम अर्धा तास पुढे जायचं. काकांचं तोंड वाकडं व्हायचं, माझं अजिबात व्हायचं नाही. खरं सांगायचं तर, घरी जाताना मी मनातल्या मनात हसत असायचे. मला हा माणूस आवडायला लागला होता. पण पुस्तकाची पानं संपत आली होती, आणि पान संपलं की वाचक जातो, हा आमच्याकडचा रिवाज आहे. आतापर्यंत कितीतरी आवाज आले आणि गेले. कोणी परत चहालाही फिरकलं नाही.

शेवटचं प्रकरण होतं पगचं.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तो आला तोच मोठ्या उत्साहात.

"आज साहेबांना आत घेऊ का? त्यांच्यावरचंच प्रकरण आहे. सुरुवातीला त्यांचं खरंखुरं घोरणं टाकू... काय?"

"काका ओरडतील."

"काकांना मी सांगतो."

आणि काका चक्क हो म्हणाले! साहेबांची उशी आत गेली, उशीमागे साहेब गेले, आणि दोन मिनिटांत टेबलाखालून तो झकास घर्र-घर्र आवाज सुरू झाला. मी तो टिपून घेतला. काचेतून अंगठा वर केला. मग नेहमीप्रमाणे आतला एसी बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. दार ओढून बाहेरून घट्ट लावलं. आणि तो वाचायला लागला.

"पग हा कुत्रा शिकारीसाठी नाही, राखणीसाठी नाही. तो आहे फक्त सोबतीसाठी..."

हे वाक्य त्याने असं वाचलं, की मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तोही पाहत होता. पुढे तो वाचतच राहिला. एकही चूक नाही, एकही अडखळ नाही. एरवी आम्ही दोन-चार पानांनंतर दार उघडून खोलीत हवा घेतो. पण इतकं सुंदर चाललेलं वाचन कोण थांबवणार? मी तर नाहीच. मध्ये घोरणं थांबलं आणि धाप ऐकू यायला लागली. ह्या, ह्या, ह्या... मी त्या जागी खूण करून ठेवली. नंतर पुसायची म्हणून. मग धापही थांबली. मला वाटलं, बरं झालं, साहेब शहाण्यासारखे गप्प झोपले. हेडफोनमध्ये आता नुसता त्याचा आवाज होता, काचेसारखा स्वच्छ.

"चपट्या नाकामुळे पगला आपलं अंग थंड ठेवणं अवघड जातं. बंद आणि गरम खोलीत त्याला —"

आवाज थांबला.

मी बटण दाबलं. "काय झालं? छान चाललं होतं की..."

त्याने खुर्ची मागे ढकलली आणि तो टेबलाखाली वाकला. पुढच्या क्षणी मला हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातलं सगळं शिक्षण, सगळी सफाई गळून पडली होती.

"दार उघडा! अहो, दार उघडा!"

दार उघडलं तसा आतला उकाडा तोंडावर आला. साहेब आडवे होते. जीभ बाहेर, रंग जांभळट, डोळे अर्धे मिटलेले.

"साहेब? ए सोन्या... ऊठ ना रे... ऊठ!"

त्याने साहेबांना उचललं आणि तो धावत हात धुवायच्या खोलीत गेला. नळ सोडला. थर्मास उघडला, हात लावून पाहिलं, कोमट पाणी बघून बाजूला फेकला. गळ्यातला मफलर काढून नळाखाली भिजवला आणि साहेबांच्या पोटाभोवती गुंडाळला. मी पंज्यांवर पाणी चोळत होते, काका एका जाड पुठ्ठ्याने वारा घालत होते. मी बर्फ आणायला धावले तर काकांनीच अडवलं. "बर्फ नको, एकदम गार नको. साधं पाणी घाल. आणि मी टॅक्सी बोलावतो."

टॅक्सीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. साहेब त्याच्या मांडीवर, माझा हात साहेबांच्या छातीवर. छाती वर-खाली होत होती, पण कशीबशी.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी साहेबांना आत घेतलं आणि दार लावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर मांजरीचं चित्र होतं. त्याचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

"माझी कल्पना होती," तो शेवटी म्हणाला. "आत घेऊ म्हणून. मीच हट्ट केला."

"धाप मी ऐकली होती," मी म्हटलं. "तुम्ही वाचत होता, तुमचं कुठे लक्ष असणार? माझ्या कानात होती ती. आणि मी खूण केली. पुसायची म्हणून..."

नाक वाहायला लागलं, रुमाल सापडेना. त्याने खिसे चाचपले, त्याच्याकडेही नव्हता. मफलर तर आत साहेबांबरोबर गेला होता. शेवटी त्याने शर्टाची कोरडी राहिलेली बाही माझ्यापुढे केली.

"घ्या."

"शी! काहीतरीच काय!"

"घ्या हो. नाहीतरी धुवायचाच आहे."

मी घेतली. रडता रडता हसूही आलं, आणि हसल्याचं पुन्हा वाईट वाटलं. ताईला काय सांगू? तिने कधी कोणाला हात लावू दिला नाही असा तिचा जीव, आणि मी त्याला एका बंद खोलीत... मी मनात एकच घोकत होते: तेवढा वाचू दे, बाकी काही नको. बाजूला बसलेला हा माणूसही नको, काही नको. तेवढा वाचू दे.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून एक आवाज आला. बारीक, ओला, नाकातला. मी ताडकन उठले.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"श्श! ऐका."

त्याला काही ऐकू येत नव्हतं. पण मला येत होतं. मी तो आवाज आयुष्यात कुठेही ओळखला असता. घर्र... थांबून... घर्र.

दार उघडलं. डॉक्टर मॅडम हात पुसत बाहेर आल्या. "कोणाचं आहे हे गबदूल? झोपलंय आता. वेळेवर आणलंत. सलाइन चालू आहे, ताप उतरलाय. संध्याकाळपर्यंत ठेवते, तसंच राहिलं तर घरी न्या. आणि वजन जरा कमी करा त्याचं, बिस्किटं बंद!"

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की मी त्या बाकावर मटकन बसलेच. आणि तो, इतका वेळ माझ्यासाठी घट्ट राहिलेला, भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागला. चष्मा बराच वेळ पुसत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हलला नाही, मीही हात काढला नाही.

मग मी ताईला फोन लावला. लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं भडाभडा सांगून टाकलं. खोली, एसी, धाप, सगळं. ताईचा आवाज आधीच मोठा, त्यात ती चिडलेली, म्हणजे बाकावर बसलेल्या दुसऱ्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"अक्कल गहाण टाकली होतीस का गं? त्याला उन्हाळ्यात बंद खोलीत?"

"हो ताई. चुकलंच आमचं. पण लगेच पाणी घातलं आम्ही, टॅक्सीने आणलं आम्ही —"

"थांब, थांब." ताईचा आवाज एकदम बदलला. "आम्ही म्हणजे कोण?"

बाकावरचा माणूस मांजरीचं चित्र फार मन लावून बघू लागला.

"अगं, बोल ना! कोण आहे तिथे?"

"पुस्तक वाचतात ते... वाचक आहेत."

"आणि वाचकाने वाचायचं सोडून माझ्या कुत्र्याला दवाखान्यात आणलं?"

"हो."

"बरं..." ताई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये तिने माझं लग्न लावून टाकलं होतं. "मला दोघांचा फोटो पाठव. कुत्र्याचा आधी."

फोन ठेवला. माझे कान तापले होते. त्याचेही लाल झालेले दिसत होते.

"ताई रागावल्या," तो म्हणाला.

"तिचं असंच आहे. आता साहेबांना काही होणार नाही म्हटल्यावर तिला आणखी चौकशा सुचतील." मी जरा थांबले. "एक विचारू? रागवू नका."

"विचारा."

"संध्याकाळी तुम्ही चुकायचात ते मुद्दाम ना?"

"तुम्हाला... कधीपासून कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माणूस खरा चुकतो तेव्हा आधी त्याचा श्वास अडकतो. तुम्ही तर इतकं छान, ठासून चुकायचात!"

"मग बोलला का नाहीत?"

"काम लांबत होतं," मी म्हटलं. "मला चालत होतं."

यावर त्याने पुसून झालेला चष्मा पुन्हा काढला आणि पुसायला घेतला.

संध्याकाळी साहेब बाहेर आले ते डॉक्टर मॅडमच्या कडेवरून, एका पायाला पट्टी, चेहऱ्यावर सगळ्या जगावर नाराजी. त्यांनी मला हुंगलं, त्याला हुंगलं, आणि टॅक्सीत बसल्यावर दोघांच्या मध्ये पसरून जागा अडवली. बाहेर ऊन उतरलं होतं, खिडकीतून वारा येत होता. रस्त्यावरचे दिवे एकेक लागत होते.

"अर्धं प्रकरण राहिलंय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"राहिलंय."

"म्हणजे मला परत यावं लागेल."

"लागेल. दार उघडं ठेवून वाचावं लागेल. रस्त्यावरचे आवाज आले तर येऊ देत."

"आणि प्रकरण संपलं की?"

मी साहेबांच्या कानामागे खाजवत राहिले. खाली बघत म्हटलं, "ते वाचकावर आहे."

त्याने घसा साफ केला. पाठ सरळ केली. आणि माइकसमोर बसल्यासारखा तो बोलायला लागला, तोच खर्जातला, मखमली आवाज, एकेक शब्द जागच्या जागी.

"पहिल्या दिवशी त्या जिन्यात मला वाट हवी होती, पण ती मिळाल्यावर पुढे जावंसं वाटेना. काचेपलीकडे तुम्ही दिसायचात, आणि मला वाटायचं, हे पुस्तक कधी संपूच नये."

टॅक्सीवाल्यानेसुद्धा आरशातून मागे पाहिलं.

"सुंदर," मी म्हटलं. "फक्त... पुस्तकातलं वाटलं. परत घेऊ?"

तो हसला. मग हसू मावळलं. तो नीट बसला, काहीतरी म्हणायला गेला, आणि त्याचा श्वास अडकला. मला स्पष्ट ऐकू आला.

"मला... म्हणजे तुम्ही... तू..." त्याने मफलर चाचपायला गळ्याशी हात नेला, तिथे मफलर नव्हता. "आज तिथे बाकावर मला वाटलं, साहेब गेले तर तू परत माझ्याकडे... बघणार पण नाहीस. आणि ते मला... नसतं सहन झालं. मला तू हवी आहेस. रोज. कामाशिवाय पण. म्हणजे साहेबही... अर्थात, साहेब पण..." त्याने कपाळावर हात मारला. "छे! सगळं चुकलं. थांब, पुन्हा घेतो."

"नको," मी म्हटलं, आणि साहेबांच्या पाठीवरून हात पलीकडे नेऊन त्याचा हात धरला. "हाच ठेवू."